एका घोटाएवढा वेळ

शाळेत मला एक नाव पडलेलं आहे. ते अजून कोणी माझ्या तोंडावर घेतलेलं नाही. एकदा जिना उतरताना माझ्या पुढे सहावीतल्या दोन मुली चालल्या होत्या. एकीने विचारलं, "नेक्स्ट कोण?" दुसरी म्हणाली, "यल्ला मॅम." ती मीच, हे कळायला मला अर्धा जिना लागला. यल्ला म्हणजे चला, आटपा. इथे टॅक्सीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळेच म्हणतात. मला राग आला नाही. गणिताच्या बाईंना याहून बरं नाव मिळालं नसतं, असंच वाटलं.

अबुधाबीत मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे. आम्ही खलिफा सिटीत राहतो. शाळा मोहम्मद बिन झायद सिटीत, भारतीय अभ्यासक्रमाची. एका वर्गात बत्तीस मुलं आणि चाळीस मिनिटांचा तास. त्यातली पाच मिनिटं वह्या काढण्यात जातात. उरलेल्या वेळात पोर्शन संपवायचा तर वेग लागतो, आणि तो माझ्याकडे पहिल्यापासून आहे. प्रश्न टाकायचा, हात वर आले की एकाकडे बोट करायचं, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न. "यल्ला, नेक्स्ट." माझा पोर्शन दरवर्षी इतर तुकड्यांच्या आधी संपायचा आणि स्टाफरूममध्ये मी तसं बोलूनही दाखवायचे.

त्या वर्षी पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाला लागूनच, एक मुलगी बसायची. उंचीने लहान म्हणून पुढे. वही पूर्ण, अक्षर स्वच्छ, पण हात कधी वर नाही. मी मुद्दाम तिला विचारलं तर माझ्याकडे बघत राहायची, ओठ थोडे उघडे, आता बोलेल असं वाटायला लावणारे. मी पुढच्याकडे वळायचे. सहामाहीत तिला गणितात कमी मार्क पडले. चुका फार नव्हत्या, पण अर्धा पेपर कोरा होता.

सहामाहीनंतर आमच्याकडे प्रत्येक मुलाचा एक फॉर्म भरायचा असतो. त्यात तीन चौकटी: फास्ट, अ‍ॅव्हरेज, स्लो. वार्षिक परीक्षेच्या आधी तोच फॉर्म पुन्हा भरायचा. पहिल्या 'स्लो'ला पालकांना सूचना जाते, दोन्ही वेळा 'स्लो' आलं की पुढच्या वर्षी मूल सपोर्ट सेक्शनमध्ये. तिथे मुलं कमी, पेपर सोपे, दोन शिक्षिका. कागदावर सगळं चांगलंच आहे. पण एकदा तिथे गेलेलं मूल परत नेहमीच्या तुकडीत आलेलं मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. बत्तीस फॉर्म मी एका चहात भरले. तिच्या फॉर्मवर 'स्लो'. चहा गरम होता, एवढंच त्या खुणेबद्दल मला आठवतं.

पालकसभेला तिची आई आली. रत्नागिरीकडची. मी मराठी आहे हे तिला मुलीकडून कळलेलं होतं. खुर्चीवर बसताबसताच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आपल्याच, म्हणून मराठीतच बोलते. चालेल ना?"

"बोला ना."

तिने सांगितलं ते असं. नवरा आधी मुसफ्फामध्ये होता, घराजवळ. मागच्या वर्षी कंपनीने फुजैराला घातलं, बंदरावर, जिथे जहाजांत तेल भरतात तिथे. मुलीची शाळा बदलायला नको म्हणून या दोघी इकडेच राहिल्या. तो एकाआड एक शनिवार-रविवार येतो.

"तिचे अब्बा म्हणतात, त्या वेगळ्या सेक्शनात घालणार असतील तर इथे ठेवून करायचं काय? गावात शाळा आहे, दादा-दादी आहेत. आम्हा दोघींना पाठवून देणार."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय, मॅडम? तो इथे एकटा, आम्ही तिथे. आत्ता पंधरा दिवसांनी तरी दिसतो. तो यायचा असला की पोरगी सकाळपासून खिडकीत." मग तिने पर्सचा बंद उघडला, मिटला. "घरी ती सगळी उत्तरं सांगते. पण म्हणते, मॅम थांबतच नाहीत."

हे मला लागलं. मी म्हटलं, "बत्तीस मुलं आहेत. एकेकीसाठी थांबत बसले तर वर्ष संपेपर्यंत पहिल्याच धड्यावर असू."

"होय, तेही खरंच आहे," ती म्हणाली. वाद घालायला ती आलीच नव्हती. उठता उठता एवढंच बोलली, "ती हळू नाही, मॅडम. तुम्ही इंग्लिशमध्ये विचारता. ती ते आमच्या बोलीत नेते, तिथे करते, मग परत इंग्लिशमध्ये आणते. जाऊन यायला वेळ लागतो ना."

दुकानात दिरहमचा भाव ऐकला की मनातल्या मनात रुपये केल्याशिवाय मला अजून वस्तू उचलवत नाही. तेवढा वेळ मी शेल्फसमोर उभी असते आणि मला कोणी स्लो म्हणत नाही. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी पुढच्या पालकांना हात केला.

जानेवारीत शाळेने नवं काम काढलं. प्रत्येक शिक्षकाने आपल्या एका तासाचा आवाज रेकॉर्ड करायचा, ऐकायचा आणि स्वतःबद्दल अर्धं पान लिहून द्यायचं. बहुतेकांनी न ऐकताच अर्धं पान लिहिलं. मीही तेच केलं असतं, पण घरी जाताना रस्त्यात कुठेतरी अपघात झाला होता आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या. रेडिओवरच्या बातम्या दोनदा ऐकून झाल्या. मग मी ते लावलं.

सुरुवातीला मला तो आवाज माझा वाटलाच नाही. भाजीचा लिलाव चालावा तशी कोणीतरी बाई बोलत होती. "तीन चतुर्थांश म्हणजे किती टक्के, यल्ला, हां तू." प्रश्न आणि यल्ला यांच्यामध्ये फट नव्हती. श्वासाएवढीही नाही. उत्तर देणारे आवाज मोजले. चारच होते. पूर्ण तासभर तेच चार. मला वाटायचं, वर्ग पेटलेला असतो. पेटलेले चौघेच होते, बाकीचे अठ्ठावीस मुकाट बसून होते.

मग आणखी एक आवाज ऐकू आला. फोन मी टेबलाच्या कडेला ठेवला होता, म्हणजे त्या मुलीच्या अगदी समोर. मी विचारलं, "तीन चतुर्थांश?" चौघांपैकी एकाने पंच्याहत्तर सांगितलं. मी म्हटलं, "गुड. दोन पंचमांश?" आणि माझ्या या शब्दांखाली, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, "सेव्हंटी फाइव्ह." चौघांतल्याच दुसऱ्या एकाने चाळीस सांगितलं. मी पुढचा प्रश्न टाकला. त्याच्याखाली, "फॉर्टी."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा कळलं की समोरचा रस्ता मोकळा झाला आहे. गाडी बाजूला घेऊन मी पूर्ण तास ऐकला. वीस प्रश्नांपैकी सतरा उत्तरं बरोबर. प्रत्येक उत्तर एक प्रश्न मागे.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की उद्यापासून मी प्रत्येक प्रश्नानंतर थांबणार आहे. तो इंजिनिअर आहे आणि माझ्याबरोबर चोवीस वर्षं राहिलेला आहे.

"किती वेळ?"

"पाच अंक मोजीन मनात."

"तुझे पाच म्हणजे लोकांचे दोन." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "तोंडात पाणी धर. तरच गप्प बसशील."

त्याने टोमणा मारला होता, मी उपाय म्हणून उचलला. पाच मोजून बघितलेच आधी, आणि तो म्हणाला तसेच ते घाईचे निघाले. मग दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन वर्गात गेले. प्रश्न फळ्यावर लिहिला, वाचला, झाकण उघडलं, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि तोंडातच धरला. चौघांचे हात वर. मी मान हलवली, हात खाली. गिळायच्या आधी एकदा वर्गावरून नजर फिरवायची असं मी ठरवलं होतं. ती फिरवता फिरवता मला दिसलं की मुलं घाबरली आहेत.

"मॅम, आर यू ओके?" मागून कोणीतरी.

मी गिळलं. "मी ठीक आहे. आजपासून हात वर करायचे नाहीत. मी पाणी पिते तेवढ्यात सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायचं. मग शेजाऱ्याला दाखवायचं. दोघांचं जुळलं नाही तर भांडायचं. मग मी विचारणार, कोणालाही."

"भांडायचं, मॅम?"

"हळू आवाजात."

पहिला आठवडा वाईट गेला. गोंधळ व्हायचा. एका तासात जिथे वीस प्रश्न व्हायचे तिथे सहा झाले. शेजारची तुकडी माझ्या दीड धडा पुढे गेली आणि तिथल्या बाईंनी स्टाफरूममध्ये तसं बोलून दाखवलं, जसं मी दाखवायचे. चौघांपैकी एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणाला, त्याचं उत्तर आधीच झालेलं असतं, मग तो काय करणार?

"तेच उत्तर दुसऱ्या रीतीने काढ."

"व्हाय? एकदा आलं ना?"

मी म्हटलं, काढून तर बघ. दुसऱ्या दिवशी तो दोन रीती घेऊन आला आणि त्यांची उत्तरं वेगळी येत होती. चूक शोधण्यात त्याचा आठवडा गेला. मला तेवढीच शांतता.

ती मुलगी तिसऱ्या दिवशी बोलली. मी तिला विचारलं, तिने वहीकडे बघितलं आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी "गुड" म्हटलं आणि पुढच्याला विचारलं. मुद्दाम काही मोठं केलं नाही. पण तिच्या शेजारणीने तिच्याकडे वळून बघितलं होतं, आणि ती स्वतः टोपण लावलेल्या पेनाने वहीवर रेघा मारत होती.

असं महिनाभर चाललं. मग रमजान आला, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. रमजानात तास आखूड होतात. चाळीसचे तीस. आणि माझ्या वर्गातली दहाबारा मुलं रोजे धरतात. त्यांच्यासमोर घटाघटा पाणी पिणं इथे कोणी करत नाही, मीही कधी केलेलं नाही. बाटली स्टाफरूममध्ये राहिली.

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मी पूर्वीसारखी झाले. "यल्ला, नेक्स्ट." मला कळतही होतं आणि थांबताही येत नव्हतं. चौघांचे हात वर येऊ लागले. मागच्या बाकावर कोणीतरी हसून म्हणालं, "शी इज बॅक." आणि पहिल्या बाकावरून, माझ्या पुढच्या प्रश्नाच्या खाली, मागच्या प्रश्नाचं उत्तर.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. वर्गात सगळे इंग्लिश बोलतात, पण तेव्हा ती हळूच मराठीत बोलली.

"मॅम, तुम्ही प्यायलात तरी चालतं. आम्हाला काही नाही वाटत."

"तुझा रोजा आहे ना?"

"हो. सगळे ठेवणार आहे यंदा, इन्शाल्ला."

"मग मी पिणार नाही."

ती गेली नाही. उभीच राहिली. मला पुढच्या वर्गावर जायचं होतं, दप्तर उचललेलं होतं, पण या मुलीच्या बाबतीत काय करायचं ते आता मला माहीत होतं. मी दप्तर खाली ठेवलं.

"मॅम, तुमचं पाणी सात येईपर्यंत असतं," ती म्हणाली. "मी मोजलंय. कधी आठ. तुम्ही नुसता प्रश्न विचारा. मी मोजते. सात झाले की पेन्सिल खाली ठेवते. मग तुम्ही बोला."

मी या मुलीला फॉर्मवर काय लिहून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. तिला नव्हतं, किंवा असेलही. मी म्हटलं, "तू मोजत बसलीस तर उत्तर कधी काढणार?"

हा विचार तिने केलेला नव्हता. केला. मग म्हणाली, "रोज वेगळं कोणीतरी मोजेल."

तसं सुरू झालं. पाणी न पिता पाण्याचा वेळ. पहिल्या दिवशी तिनेच मोजलं. मी प्रश्न लिहायचे, तोंड मिटायचे आणि तिच्या पेन्सिलीकडे बघायचे. सात म्हणजे किती असतात ते मला तेव्हा कळलं. बाहेरच्या बसच्या इंजिनाचा आवाज ऐकू येतो, एसीची घरघर ऐकू येते, आपल्या चपलेत बोट हलतं तेही कळतं. आखूड तासात जेमतेम चार प्रश्न व्हायचे. पण मागच्या बाकावरचे दोघे, ज्यांचे आवाज मी वर्षभर ऐकले नव्हते, ते शेजाऱ्याशी हिरिरीने भांडू लागले.

फॉर्मच्या आधी पर्यवेक्षिका प्रत्येकाचा एक तास बघतात. आमच्या पर्यवेक्षिका माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, केरळच्या, हसतमुख आणि कामाला चोख. त्या मागे येऊन बसल्या त्या दिवशी पुस्तकातलं गणित होतं. एका नळाने टाकी सहा तासांत भरते. तसेच दोन नळ लावले तर किती तासांत भरेल?

मी प्रश्न लिहिला. सात मोजून झाले, पेन्सिल खाली आली. वह्या भरल्या, कुजबुज झाली. तीन, तीन, तीन. मी पहिल्या बाकाकडे वळले. "तुझं?"

"तीनपेक्षा जास्त," ती म्हणाली.

वर्ग हसला. पर्यवेक्षिकांनी लिहिता लिहिता मान वर केली. पुस्तकात मागे उत्तर तीन छापलेलं आहे. माझ्या जिभेवर "नो, थ्री, नेक्स्ट" तयार होतं. मी ते तोंडात धरून ठेवलं. त्या दिवशी सातपेक्षा जास्त वेळ लागला. कोणी पेन्सिल ठेवली नाही, कारण कोणी मोजत नव्हतं.

"का?" मी विचारलं.

ती इंग्लिशमध्ये बोलायला लागली, अडली, मग तिने वहीतलं पान फाडून त्यावर चित्र काढलं आणि ते वर धरलं. एक जहाज, त्याला दोन पाइप. तिचे अब्बा सांगतात, पाइप लावला की लगेच जोरात सोडायचं नसतं. आधी हळू. गळत तर नाही ना, बरोबर टाकीत चाललंय ना, ते बघायचं. मग जोरात. आणि टाकी भरत आली की परत हळू, नाहीतर वरून सांडेल. "दोन पाइप लावले तर जोरातला वेळ अर्धा होतो," ती म्हणाली. "हळूचा वेळ अर्धा होत नाही. तो तेवढाच लागतो."

आता कोणी हसलं नाही. चौघांपैकी तो दोन रीतीवाला मुलगा म्हणाला, "पण मॅम, नळ तर सारखाच वाहतो. पुस्तकात तसंच असतं."

"पुस्तकात तसं लिहिलेलं आहे का?"

त्याने पुस्तक वाचलं. नव्हतं लिहिलेलं.

"मग नळ सारखा वाहतो असं धरलं तर तीन," मी म्हटलं, "आणि जहाज भरायचं असेल तर तीनपेक्षा जास्त. किती जास्त? पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास निम्म्या जोराने, असं धरा आणि काढा." माना वह्यांत गेल्या आणि बेल झाली. कोणी उठलं नाही. मला त्यांना बाहेर काढावं लागलं.

पर्यवेक्षिकांच्या खोलीत त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मुलांचा सहभाग: उत्तम. गती: असमाधानकारक.

"पूर्ण तासात एकच गणित, मॅडम," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "आणि मधे ती शांतता. मी बाहेरून पाहणीला आलेली कोणी असते तर मला वाटलं असतं की तुम्ही धडा विसरलात."

"वर्ग विचार करत होता."

"मला माहीत आहे. मी बघितलं. पण माझ्याकडे त्यासाठी रकाना नाही."

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. रकाने त्यांनी बनवलेले नव्हते. मी फॉर्मचा गठ्ठा मागितला, त्या मुलीचा काढला आणि दुसऱ्या खेपेला 'अ‍ॅव्हरेज'वर खूण केली. शेरा बदलला तर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: पहिला शेरा ही माझी चूक होती. मी प्रश्न विचारून थांबत नव्हते. थांबल्यावर तिची उत्तरं बरोबर येतात.

त्यांनी ते वाचलं. "हे असं लिहू नका. 'प्रगती झाली' लिहा. हा कागद तुमच्याही फाइलमध्ये जातो."

"तिची प्रगती झालेली नाही. ती आधीही अशीच होती."

"हबीबती," त्या इथल्या लाडाच्या शब्दाने हाक मारत हसून म्हणाल्या, "तुम्हाला भांडायलाच हवं का?"

"भांडत नाही. मराठीत लिहिलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं."

त्यांनी सही केली. मात्र सांगून ठेवलं की खूण एकीकडे आणि मार्क एकीकडे असं चालणार नाही. वार्षिक परीक्षेत पास व्हायला हवं.

परीक्षा थांबत नाही. तिला पाण्याचा घोट ठाऊक नसतो. निकाल आला तेव्हा ती पास होती, फार वर नाही. मी तिचा पेपर काढून बघितला. जेवढं सोडवलं होतं तेवढं जवळजवळ सगळं बरोबर. शेवटचे दोन प्रश्न कोरे. सहामाहीला अर्धा पेपर कोरा होता, आता दोन प्रश्न. मी याला चमत्कार म्हणणार नाही. घड्याळ लावून पेपर सोडवण्याचा सराव तिच्याकडून करून घ्यायला हवा आणि तो मी करून घेणार आहे. थांबून विचार करणं आणि वेळेत संपवणं, दोन्ही शिकवावं लागतं.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. फुजैराहून पहाटे निघून थेट शाळेत. उंच, उन्हाने रापलेले, शर्टाची इस्त्री ताजी. बरोबर आई आणि मध्ये ती. ईदची मेंदी तिच्या हातावर अजून पुसट होती.

निकालपत्र त्यांनी दोनदा वाचलं. "पास आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, खरं सांगा. मला गोड बोललेलं नको. हिचं इथे होईल की नाही?"

"सपोर्ट सेक्शन नाही. नेहमीच्या तुकडीत वर चढली आहे. तिला उत्तराला वेळ लागतो. उत्तर बरोबर असतं."

"पेपरात वेळ कुठे देतात?"

"नाही देत. शेवटचे दोन प्रश्न त्याचमुळे गेले. त्यावर काम बाकी आहे." आणि मग मी विचारलं, "एका पाइपने जहाज सहा तासांत भरतं. दोन लावले तर?"

त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, ही काय भानगड आहे अशा नजरेने. ती टेबलाकडे बघत होती. मग त्यांनी विचार केला. "कुठलं जहाज आहे त्यावर आहे. पण तीन नाही. तीन कधीच नाही. सुरुवात आणि शेवट सावकाशच. तिथे घाई केली की सांडलं. समुद्रात सांडलं तर खलास, माझी नोकरी गेली."

"तुमच्या मुलीनेही तेच सांगितलं. वर्गात सगळे तीन म्हणत होते, मीही तीनच म्हणणार होते."

आईने घट्ट धरलेला पर्सचा बंद सोडला.

"मग गावाला पाठवायचं ठरलं आहे का?" मी विचारलं.

त्यांनी निकालपत्र पुन्हा हातात घेतलं. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच तयार होतं. रत्नागिरीच्या शाळेत हिला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागेल. वर्षातून एक महिना भेटणारा बाप आणि पंधरा दिवसांनी भेटणारा बाप यात फरक आहे. इथे आता तिला ओळखणारी एक तरी शिक्षिका आहे. हे सगळं मी एका दमात सांगू शकले असते, मला सवय आहे. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात टेबलाच्या कडेवर मला तिचं बोट दिसलं. ती बोटाने हळूहळू ठोके देत होती, आवाज न करता. एक. दोन.

मी तोंड मिटलं.

सात झाले. बोट थांबलं नाही. आठ, नऊ. बाहेरच्या रांगेतलं कुणाचं तरी बाळ रडत होतं. वडील निकालपत्राची घडी घालत होते, उघडत होते, पुन्हा घालत होते. बारापर्यंत मी मोजलं, पुढे सोडून दिलं.

"मे महिन्याची तिकिटं बघून ठेवली होती," ते शेवटी म्हणाले, बायकोला, मला नव्हे. "जाऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे मिळूनच जाऊ. आणि परत येऊ."

तिने टेबलावरचं बोट काढलं आणि हात मांडीवर घेतला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "सुट्टीत रोज एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा. हळू सुरू कर, मधे जोरात. शेवटचे दोन सोडायचे नाहीत."

"हो, मॅम."

"मग यल्ला. बाहेर रांग आहे."